राखणदाराची गोष्ट मी आक्काला सांगितली

आमच्या घरात कुणाला काही अवघड सांगायचं असलं की मला बोलावणं येतं. लोहाऱ्याच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, त्यामुळं घरच्यांच्या मते मी अर्धा डॉक्टर. आणि कुठलीही साधी हकिकत मीठमसाला लावून सांगायची खोड लहानपणापासून असल्यामुळं उरलेला अर्धा कीर्तनकार. दोन्ही अर्धे कच्चे आहेत हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक आहे. ती बाहेर कुणाला सांगत नाही, मला मात्र वेळोवेळी आठवण करून देते.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मुरुमला दिलेली. दाजी शांत, देवभोळे. शेत, गडी, सोयरेधायरे, सगळं आक्काच्या तोंडावर चालतं. दोन वर्षांपूर्वी तिची भूक गेली आणि उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. सोलापूरला नेलं. जुन्या काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये दबा धरून होता, त्यानं लिव्हर आतून खडबडीत करून टाकलं होतं, आणि त्यात एक गाठ झाली होती. डॉक्टरांनी भाच्याला, म्हणजे आक्काच्या मुलाला, एकट्याला आत बोलावून रोगाचं नाव सांगितलं. भाचा बाहेर आला आणि त्यानं मला फोन लावला, की मामा, आईला तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. रोगाचं नाव सोडून सगळं सांगितलं. आमच्याकडं आजारी माणसासमोर ते नाव घेत नाहीत, 'गाठ' म्हणतात, आणि गाठ म्हणताना आवाज असा काढतात की दोरीला बसलेली गाठ असावी. आक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, की नुसती गाठच हाय तर तू रजा टाकून कशापायी आलास. मी म्हणालो, तुझ्या हातचं खायला. तिनं ताट वाढलं. मी जेवत असताना ती माझ्याकडं बघत बसली होती. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं, आणि तेही भांडताना.

पहिला इलाज बरा झाला. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून थेट गाठीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा कोंडतात. गाठ आक्रसली. आक्का पुन्हा शेताकडं जायला लागली, गड्यांवर तोंड टाकायला लागली, म्हणजे प्रकृती सुधारली असं आम्ही समजलो. दीडेक वर्षानंतरच्या तपासणीत जुन्या गाठीच्या शेजारी दोन नव्या दिसल्या.

दाजींचा एकच प्रश्न होता. कोंडून मारली होती ना, मग आली कुठून? ते हे भाच्याला विचारत, सुनेला विचारत, दारात आलेल्या दूधवाल्यालाही एकदा विचारलं. शेवटी प्रश्न माझ्याकडं आला. मी चार-पाच दिवस मोबाईलवर वाचत बसलो. इंग्रजी माझं बेताचंच, पण पेशी हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवलाय की अंदाजानं पुढं सरकता आलं. जे समजलं ते असं, की गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यात थोड्या मूळपेशी असतात. बाकीच्या औषधानं मरतात, या सोसतात, गप पडून राहतात आणि सवड मिळाली की पुन्हा सगळं उभं करतात. हे दाजींना सांगायला हराळी पुरली. वरचं गवत कापलं तरी जमिनीतल्या काशा, म्हणजे मुळ्या, राहिल्या की रान पुन्हा हिरवं. दाजींनी मान हलवली, त्यांचं समाधान झालं. मी तिथंच थांबायला हवं होतं.

पण माझं वाचन पुढंही झालं होतं. शरीराच्या राखणीला ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या गाठ दिसली की तिकडं धावतात. त्यांचं काम तिला खाऊन टाकायचं. पण गाठ त्यातल्या काहींना वळवून घेते. त्या तिथंच मुक्काम ठोकतात आणि जखम भरून आणण्यासाठी जी रसद शरीराला द्यायची, ती त्या मूळपेशींना द्यायला लागतात. मूळपेशी त्यावर तगतात. हे वाचून मी हरखलो. कबूल करायला लाज वाटते, पण बहिणीच्या पोटात काय चाललंय हे वाचताना मला भीती वाटायच्या आधी, गोष्ट झकास आहे, असं वाटलं.

त्या रविवारी मुरुमला सगळे बसले होते. दाजी, भाचा, त्याची बायको. आक्का खाली बसून सुपात शेंगा फोडत होती. मी रंगात आलो, आणि रंगात आल्यावर जे हाताशी असतं ते मी उचलतो. त्या दिवशी हाताशी आक्काचीच एक जुनी हकिकत होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या खळ्यावर तुरीची रास पडली होती आणि राखणीला एक माणूस ठेवला होता. रास रोज थोडी थोडी खचत गेली, आणि कुत्रं काही भुंकत नव्हतं. आक्कानं ओळखलं. राखणदारच चोरांना वाट दाखवत होता, वर आक्कानं त्याच्यासाठी धाडलेली भाकर त्यांना खाऊ घालत होता. तिनं त्याला सकाळी खळ्यावरच कामावरून काढलं आणि त्याची काठीसुद्धा ठेवून घेतली. ही हकिकत आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे. मी म्हणालो, गाठ म्हणजे चोर आणि पांढऱ्या पेशी म्हणजे तुमचा तो राखणदार. धाडले चोर धरायला आणि बसले चोरांच्या पंगतीला, एकजात सगळे फितूर. दाजी "अरारा" म्हणाले. भाचा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. आक्काचे हात सुपात थांबले होते हे मला फार नंतर आठवलं. तेव्हा मी दाजींच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

महिनाभरात डॉक्टरांनी नवा इलाज सुचवला. सलाईनमधून द्यायचं औषध, दर तीन आठवड्यांनी. आता ज्या डॉक्टरीणबाई बघत होत्या त्यांनी भाच्याला समजावलं, की हे औषध गाठीला थेट मारत नाही, आपल्याच पांढऱ्या पेशींना कामाला लावतं. भाचा आनंदात घरी आला आणि त्याच शब्दांत आईला सांगून बसला. आई, आपल्याच पेशींना जोर येणार.

आक्का म्हणाली, "ज्यांनी चोराला भाकर घातली त्यांना जोर द्यायचा? म्या त्याची काठी काढून घेतली व्हती, नवी न्हवती दिली."

 भाच्यानं डॉक्टरांचं नाव घेतलं, तर ती म्हणाली, मामानं सांगितलंय, तो शिकवतो ना शाळेत. मला फोन आला. मी हसलो. खरंच हसलो आधी, की आक्का कुठली गोष्ट कुठं लावते बघ. मग भाच्यानं सांगितलं की तिनं सकाळचं अंडं आणि दूधही बंद केलंय. पेशींना ताकद येते म्हणून डॉक्टरांनी खायला सांगितलं होतं ना, म्हणून बंद. शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा आणून देत होत्या, तो ती तुळशीपाशी ओतून देत होती. काढा गेला ते एका परीनं बरंच झालं, कारण असलं काही घ्यायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि आम्हाला काकूंना नाही म्हणवत नव्हतं. पण बाकीचं ऐकून माझं हसू गेलं.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जीप धरून गेलो. आक्का ओसरीवर बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती. मी तिला म्हणालो की सगळेच राखणदार तसले नसतात, काहींचे नुसते हात बांधलेले असतात, औषध ते हात सोडवतं.

ती म्हणाली, "त्या दिशी तर सगळे म्हणलास. एकजात."

मी म्हणालो, ते बोलण्याच्या भरात.

"मग हे कशाच्या भरात हाय?"

 मी दुसरी गोष्ट काढली. मधमाश्यांची. एका पोळ्यात म्हणे परक्या माश्या शिरल्या आणि, असं काहीतरी. ती निम्म्यातच उठून आत गेली. आतून म्हणाली, की लहान असताना तू सोनारीच्या जत्रेत हरवलास तेव्हा घरी येऊन सांगितलंस की तुला वाघानं वाट दाखवली. आईनं खरं मानून नारळ फोडला. तुला गोष्ट कुठं वळवावी ते बरोबर कळतं, बाबा, मी आता नारळ फोडणार नाही.

पहिल्या सलाईनची तारीख तशीच गेली. मग दुसरी दिली, तीही गेली. दाजी देवाला बसायचे ते उठायचे नाहीत. भाचा माझ्याशी बोलायचा तो फक्त कामापुरतं, आणि त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. मी घरी मूळ लेख पुन्हा काढून वाचला. त्यात जिथं जिथं पेशी वळवून घेतल्याचं लिहिलं होतं तिथं तिथं 'काही' हा शब्द होता. काही पेशी. काही वेळा. काही रुग्णांत. वाचताना तो मला दिसला होता. सांगताना मी तो गाळला, कारण गोष्टीत तो शोभत नाही. काही राखणदार फितूर झाले असं म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग बाकीचे काय करत होते? आणि बाकीचे काय करत होते ते मला सांगता येत नव्हतं.

बायकोला मी हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, जिला सांगायचं तिला सांगा. मी म्हणालो, ती ऐकत नाही. बायको म्हणाली, तुम्ही तिला ऐकवायला जाता, म्हणून.

शेवटी आक्काच तयार झाली, पण सोलापूरला फक्त जाऊन यायला. डॉक्टरीणबाईंचं ती ऐकून घेणार होती. माझ्यासाठी अट एवढीच की मी तोंड उघडायचं नाही. नळदुर्गापर्यंत मी पाळलीही. पुढं एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, साखर कमी घालायला सांगू का. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी साखरेचा विषय कायमचा सोडला.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आक्काला विचारलं, मावशी, तुम्हाला औषध का नको? आक्का म्हणाली, "ह्यालाच विचारा. सांग त्यांना, जशी आमाला सांगितलीस तशी."

मग मी ती गोष्ट सांगितली. वर्गात बाकावर उभं राहून गृहपाठ का नाही केला ते सांगतात, तशी. खळं, तूर, कुत्रं, भाकर. जिथं सगळे हसले होते तिथं आता कुणी हसेना, आणि 'एकजात' हा शब्द आला तेव्हा माझा आवाज खाली गेला.  संपल्यावर बाई म्हणाल्या, "गोष्ट चुकीची नाही. अपुरी आहे."

मग त्यांनी कागदावर न काढता, हात न हलवता सांगितलं. गाठीजवळ जाऊन तिला पोसणाऱ्या पेशी असतात, हे खरं. त्यांना ठिकाणावर आणणारं खात्रीचं औषध आज तरी त्यांच्याकडं नाही, त्यावर जगभर काम चाललंय. पण पांढऱ्या पेशींच्या जाती वेगवेगळ्या आहेत. मारायचं काम ज्यांचं, त्यांना गाठ ब्रेक लावून ठेवते, आणि हे औषध तो ब्रेक काढतं. ब्रेक निघाला की त्या कधीकधी आपल्याच अंगावर उठतात. कातडीवर, आतड्यावर, फुप्फुसावर. म्हणून खाज सुटली, जुलाब लागले, दम लागला, तर त्याच दिवशी सांगायचं, अंगावर काढायचं नाही.

आक्कानं विचारलं, "आन् लागू पडंल का?"

"काहींना पडतं. बऱ्याच जणांना पडत नाही. तुम्हाला पडेल का ते मला आज सांगता येत नाही, मावशी."

मला वाटलं, संपलं. इतकं कोरडं सांगितल्यावर कोण तयार होईल. मी असतो तर पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणालो असतो आणि दुसरं खोकल्यात घातलं असतं.  आक्का माझ्याकडं वळली.

"आता तू सांग. गोष्ट नको."

मी म्हणालो, "सगळ्या फितूर नव्हत्या, आक्का. काही होत्या. मी 'काही' गाळलं."

"कशापायी?"

"ऐकायला बरं वाटावं म्हणून."

"कुणाला?"

भाचा दाराशी उभा होता. बाई कागदांकडं बघत होत्या. मी म्हणालो, "मला."

आक्कानं पदर सारखा केला.  मग बाईंना म्हणाली, की लावा मग काय लावायचं ते, आणि ज्या रोगाचं नाव हे लोक माझ्यासमोर दोन वर्षं घेत न्हायत, तो मला हाय हे म्या पहिल्या दिवसापासून जाणते. भाचा खाली बघायला लागला. मी तर आधीपासूनच खाली बघत होतो.

पण लगेच लावता आलं नाही. रक्त तपासलं तेव्हा काविळीचा आकडा वर गेला होता. लिव्हर आणखी ढिलं पडलं तर हे औषध देता येत नाही, असं बाईंनी सांगितलं, आणि आठ दिवसांनी पुन्हा तपासू म्हणाल्या. ते आठ दिवस कसे गेले ते मी रंगवून सांगणार नाही. आक्का अंडं, दूध, डाळ, जे पुढ्यात येईल ते खात होती, ओकत होती आणि पुन्हा खात होती. मी वर्गात आठवीला पेशी शिकवत होतो. एका मुलीनं विचारलं, सर, पांढऱ्या पेशी नेहमी आपल्याच बाजूनं असतात का? पुस्तकात उत्तर 'होय' असं धरलंय. मी फळा पुसायला लागलो. फळा कोरा होता.

आकडा थोडा उतरला, जेमतेम चालण्याइतका. पहिलं सलाईन लागलं. शेजारच्या खुर्चीत उमरग्याकडची एक बाई होती, तिला तेच औषध पहिल्यांदाच लागत होतं आणि ती घाबरली होती. आक्का तिला राखणदाराची गोष्ट सांगायला लागली. काही असे होते, काही तसे होते, काहींचं अजून कळलेलं न्हाय. मी इतकी पडेल गोष्ट जन्मात ऐकली नव्हती. ती बाई मात्र शेवटपर्यंत ऐकत होती आणि मध्येमध्ये विचारत होती, ज्या मला विचारायचं सुचलं नसतं अशा गोष्टी. खाज किती दिवसांनी सुटते. घरी कुणाला उठवायचं.

आता दोन सलाईनं झाली आहेत. पहिल्यानंतर दहाव्या दिवशी तिच्या अंगावर पुरळ उठलं. आयुष्यभर डोकं दुखलं तरी न सांगणारी आक्का, तिनं स्वतः भाच्याला बोलावून पाठ दाखवली. मलम आणि गोळ्यांवर निभावलं. वजन उतरायचं थांबलंय, वाढत नाही. स्कॅन पुढच्या गुरुवारी आहे.

दुसऱ्या सलाईनच्या दिवशी आक्का आत असताना मी डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं. मी विचारलं, तारखा हुकल्या ते पाच-सहा आठवडे, त्यांनी काही बिघडलं का? त्या चालत होत्या त्या थांबल्या. त्यांनी मला नाही म्हणून सोडवलं नाही आणि हो म्हणून बुडवलंही नाही. म्हणाल्या, हे मला माहीत नाही, आणि स्कॅन काहीही आला तरी ते कधी कळणार नाही. मग त्यांना कुणी हाक मारली आणि त्या गेल्या.

परतताना आक्का मागच्या सीटवर उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. भाच्यानं हळू आवाजात विचारलं, बाहेर काय विचारत होतात, मामा. मी म्हणालो, त्या आठवड्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. कधीच कळणार नाही म्हणाल्या.

 समोर उसाची ट्रॉली होती, ती ओलांडायला भाच्यानं गाडी उजवीकडं घेतली, पुन्हा मागं घेतली.

"गाडी बघून चालव," मागून आक्का म्हणाली. "आन् हे म्या ऐकलं न्हाय, असं दोघंबी धरू नका."